मोठे टायर टाकले आणि घाटात क्लचचा वास यायला लागला, आता क्राऊन पिनियन बदलू का?

पाटणहून आलेलं पत्र आधी थोडक्यात देतो, कारण त्यात सगळी माहिती व्यवस्थित दिलीय आणि अशी पत्रं फार कमी येतात:

"नमस्कार काका. माझी फोर बाय फोर डबल कॅब पिकअप आहे, अडीच लिटर डिझेल, ५ गियर मॅन्युअल, एमएच ५० पासिंग. वनकुसवड्याच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, पवनचक्क्यांचं मेंटेनन्स चालतं, तिथली माणसं आणि सामान वर पोचवायचं काम करतो. आठवड्यातनं एक दोन वेळा कराड, कधीतरी कुंभार्ली उतरून चिपळूण. कंपनीचे टायर २४५/७० आर १६ होते, पावसाळ्यात सड्यावर डिफ घासायचा म्हणून २८५/७५ आर १६ टाकले. गाडी दिसायला एक नंबर झाली पण तेव्हापासनं घाटात दम लागतोय. जिथं सेकंडला आरामात जायची तिथं फर्स्ट टाकावा लागतो, हायवेला पाचवा गियर घेत नाही, चढावर रिव्हर्स घेतला की क्लचचा वास येतो, अॅव्हरेज १२ चं साडेदहावर आलं. एक मिस्त्री म्हणतो रिमॅप कर, दुसरा म्हणतो हेवी क्लच टाक, तिसरा म्हणतो क्राऊन पिनियन बदल, त्यानं मागचा डिफ खोलून दात मोजले तर ४१ आणि १० निघाले. नेमकं काय करू? आणि बदलायचंच तर फक्त मागचं बदललं तर चालेल का, फोर बाय फोर मी पावसाळ्यातच लावतो."

दादा, तिसरा मिस्त्री बरोबर सांगतोय. डिफ म्हणजे एक्सलच्या मधला गियरचा डबा, आणि क्राऊन पिनियन म्हणजे त्यातली मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी, ४१ भागिले १० म्हणजे तुमचा रेशो ४.१०. दात मोजून बोलणारा माणूस आहे, त्याला धरून ठेवा. पण त्याचं ऐकून लगेच पैसे घालू नका, आधी टायरचाच हिशोब करू, कारण मला वाटतं तुमचा प्रश्न गियरच्या आधी टायरपाशी सुटतोय का ते बघायला पाहिजे.

२४५/७० आर १६ चा व्यास काढायचा तर २४५ चे ७० टक्के म्हणजे १७१.५ मिलिमीटर, ही टायरची एका बाजूची उंची, ती दोनदा धरायची आणि त्यात १६ इंची रिमचे ४०६ मिळवायचे, झाले साधारण ७४९ मिलिमीटर. तसंच २८५/७५ चं केलं तर ८३४ येतात. म्हणजे टायर ११ टक्क्यांनी मोठा झाला. हे कंपनीच्या आकड्यावरून झालं, तुमच्या गाडीचं खरं मोजायचं असेल तर सपाट जागेवर गाडी नेहमीच्या लोडवर उभी करा, टायरला आणि खाली फरशीवर खडूनं खूण करा, गाडी ढकलून चाक बरोबर एक फेरा फिरवा आणि टेपनं मोजा. लोडमुळं टायर थोडा बसतो म्हणून पुस्तकातल्यापेक्षा कमीच भरेल, पण जुना टायर नवा टायर दोन्ही असेच मोजले तर फरकाची टक्केवारी जवळपास तीच येते.

आता ११ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण चाक एका फेऱ्यात ११ टक्के जास्त पळतंय म्हणजे रस्त्यावर मिळणारी ओढ तेवढ्याच हिशोबात कमी होते, साधारण १० टक्के. गियरबॉक्स तोच, इंजिन तेच, पण इंजिन ३२० न्यूटन मीटरचं असेल तर चाकाखाली २८८ वाल्या इंजिनासारखं वागणार. वर हा टायर वजनानंही जड, आणि ते वजन चाकाच्या बाहेरच्या कडेला फिरतंय, त्यामुळं गाडी उचलायला अजून जड. तुमचा पाचवा गियर गेला तो ह्याच्यामुळंच. चौथा गियर बहुतेक अशा ५ गियरच्या गाड्यांत डायरेक्ट म्हणजे एकास एक असतो, तो धरून हिशोब केला तर ८० च्या खऱ्या स्पीडला जुन्या टायरवर इंजिन साधारण २३२० आरपीएमला फिरत होतं, आता २०९० ला फिरतंय. पाचव्यात त्याच्याही खाली जातं, टर्बो धड भरत नाही, आणि पाच माणसं, हत्यारं, केबलची बंडलं घेतलेली गाडी तिथं गुदमरते.

हे झालं हायवेचं, पण त्यानं मोडत काही नाही, चौथ्यात चालवा. खरं नुकसान खालच्या गियरला होतंय आणि तेही तुमची गाडी मॅन्युअल असल्यामुळं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गियरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो, उठताना तो तेलातून सरकतो आणि ओढ वाढवूनही देतो, म्हणून तिथं मोठा टायर टाकला तर गाडी आळशी होते पण लगेच काही जळत नाही. मॅन्युअलमध्ये ते सरकणं सगळं क्लच प्लेटवर. फर्स्ट गियर चारास एक धरू, इंजिन १२०० आरपीएमला आहे, तर जुन्या टायरवर गाडी साधारण सव्वादहाच्या स्पीडला पोचली की क्लच पूर्ण धरायचा, त्याच्या आधी तो सरकत होता. आता साडेअकराला पोचल्याशिवाय धरत नाही. सव्वाचाच फरक, पण क्लचमध्ये होणारी उष्णता स्पीडच्या वर्गाच्या हिशोबात वाढते, म्हणजे सपाटीवर एकदा गाडी उठवली तरी साधारण पाव पट जास्त गरम. चढावर लोड घेऊन उठवली तर त्याहून जास्त, आणि रिव्हर्सला तर माणूस मुद्दाम हळू जायचं म्हणून हाफ क्लचवरच चालवतो, वर पवनचक्कीच्या पायथ्याला गाडी वळवायला जागा नसली की चार वेळा मागं पुढं. वास येणारच. मॅन्युअल गाडीत मोठ्या टायरचं बिल क्लच भरतो, आणि तो बिचारा मुकाट्यानं भरत राहतो, एक दिवस सड्यावर पावसात गाडी जागेवरनं हलत नाही तेव्हाच कळतं. म्हणून आजपासनंच एक करा, सड्यावर चिखलात किंवा मुरमात गाडी वळवताना, मागं घेताना फोर लो, म्हणजे फोर बाय फोरचा हळू पण जास्त ओढीचा गियर, लावा. लो मध्ये ओढ अडीच पटीच्या आसपास वाढते आणि क्लचचा पाय पूर्ण सोडून गाडी चालते. पण डांबरी घाटात लो लावू नका कुणी कितीही सांगितलं तरी. तुमच्या गाडीत पुढच्या मागच्या एक्सलच्या मधे डिफ नाही, सुक्या डांबरावर वळण घेताना पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी, तो फरक जायला जागा नसते, सगळा ताण ट्रान्सफर केस, म्हणजे ओढ पुढच्या मागच्या एक्सलला वाटणारा डबा, आणि शाफ्टवर चढतो.

रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, त्याचं दोन वाक्यांत सांगतो. रिमॅपनं ओढ वाढते ती टर्बो भरल्यावर, आणि तुमचा त्रास टर्बो भरायच्या आधीचा आहे, हजार बाराशे आरपीएमवर उठतानाचा, तिथं त्याचा काही उपयोग नाही. उलट घाटात लोडवर जास्त डिझेल जाळून इंजिन गरम.

हेवी क्लचवाल्याचं थोडं समजून घ्या, कारण ते पटण्यासारखं वाटतं. कडक प्रेशर प्लेट टाकली की क्लच घसरायचा थांबेल, हे खरं आहे. पण तुमचा क्लच वर चढताना गियर लावल्यावर घसरतोय असं तुम्ही म्हणत नाही, वास फक्त उठताना आणि रिव्हर्सला येतोय, म्हणजे तो क्लच अजून चांगला आहे, त्याला नको तितकं काम दिलंय. कडक प्लेट टाकून गियरिंग तेच ठेवलं तर पेडल जड होईल, गाडी उठताना हिसके देईल आणि ते हिसके पुढं युनिव्हर्सल जॉइंट आणि एक्सलला बसतील. जुनी प्लेट खरोखर संपली असेल तर कंपनीचीच टाका, तीही गियरिंगचा निर्णय झाल्यावर.

आता टायरचा मुद्दा. तुम्ही टायर बदलले ते डिफ घासतो म्हणून, दिसायला म्हणून नाही, हे पत्रात स्पष्ट लिहिलंय म्हणून मी हे विचारतोय. टायर मोठा केला की डिफ खालची जागा व्यासातल्या फरकाच्या निम्मी वाढते. २८५/७५ नं तुम्हाला ४२ मिलिमीटर मिळाले. २६५/७५ आर १६ टाकले असते तर २७ मिळाले असते. म्हणजे वरचे १५ मिलिमीटर, आपल्या बोटाच्या रुंदीएवढे, त्याच्यासाठी दोन्ही डिफ खोलायची पाळी आलीय. २६५/७५ चा व्यास ८०४, मूळ टायरपेक्षा सव्वासात टक्के मोठा, ओढ जाते पावणेसात टक्के. कळतं ते, पण गाडी चालते. आणि सड्यावर तुम्हाला लागतंय काय, जांभ्याचा कातळ, त्याच्यावर पाणी, मधे लाल चिखलाचे पट्टे आणि ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या. तिथं टायरची नक्षी आणि हवा किती ठेवलीय ह्यानं जेवढा फरक पडतो तेवढा ह्या १५ मिलिमीटरनं पडत नाही. रुंद टायर तर चिखलात खाली कडक थरापर्यंत कापत जात नाही, वरच तरंगतो. डिफ घासायचं मुख्य कारण चाकोरीतनं चालवणं, तिथं एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला घेऊन चालवायची सवय ठेवली तर अर्ध काम होतं, हे तुम्हाला माहीतच असणार.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की २८५ अजून नवीन आहेत, नक्षी शाबूत आहे, आत्ताच विकले तर बऱ्यापैकी पैसे येतील, ते काढा आणि २६५/७५ चे ऑल टेरेन टाका. कंपनीच्या ४.१० वर एक पावसाळा चालवा. तरी चढाला कमी पडतंय वाटलं तर ४३ आणि १० दातांची जोडी, म्हणजे ४.३०, तुमच्या एक्सलला मिळते का बघा. २६५ च्या टायरला बरोबर जुन्यासारखं करायला ४.४० लागतं, ४.३० नं अडीच टक्क्यांच्या आत येतं, तेवढं पुष्कळ झालं.

पण तुम्ही म्हणाल काका, मन लागलंय ह्या टायरवर, विकायचे नाहीत. ठीक आहे, मग क्राऊन पिनियन बदलाच, ह्या टायरवर ४.१० ठेवून अजून एक वर्ष क्लच जाळत बसू नका. हिशोब सोपा आहे, जुना रेशो गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास. ४.१० गुणिले ८३४ भागिले ७४९ म्हणजे ४.५६. आणि ४१ दातांचा क्राऊन, ९ दातांचा पिनियन घेतला की बरोबर ४.५६ येतो. आकडा मोठा म्हणजे ओढ जास्त, वेग कमी. ४.५६ वर चौथ्यात ८० ला पुन्हा तेच २३२० आरपीएम, फर्स्टला क्लच पुन्हा सव्वादहाच्या स्पीडला धरणार, सगळं जिथं होतं तिथं परत. कुणी सांगेल की लोड जास्त आहे, टायर जड आहे, तर अजून एक पायरी पुढं जा, ४.८८ टाक. फक्त सड्यावरच गाडी राहणार असती तर मीही हो म्हटलं असतं. पण तुम्ही दर आठवड्याला कराडला जाता, ४.८८ वर चौथ्यात ८० ला इंजिन अडीच हजाराच्या घरात जातं, फर्स्ट एवढा आखूड होतो की डांबरावर टाकला की लगेच काढायचा. शिवाय ४.८८ म्हणजे ३९ आणि ८, पिनियनला दात जेवढे कमी तेवढा तो आकारानं लहान आणि लोडला नाजूक. ओढायला तुमच्याकडं लो आहेच, ४.५६ वर थांबा.

इथं एक गोष्ट सांगाविशी वाटते. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप फक्त ६० हॉर्सपॉवरची, आणि ती कुठंही चढायची ती ह्या गियरिंगच्या जोरावर, तिच्या एक्सलला हाच ४.८८ होता. पुढं सीजे थ्री बी ला ४३ आणि ८ दात, म्हणजे ५.३८. महिंद्रानं आपल्याकडं १९४७ पासनं विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि आपल्या भागात कितीतरी वर्षं तीच घाट चढत होती. ताकद कमी असली तरी एक्सलचा आकडा नीट असला की गाडी ओढते, ही गोष्ट जुन्या जीपवाल्या मिस्त्रींच्या अंगात मुरलेली असते, असा कुणी कराड सांगली भागात भेटला तर त्याचं काम बघा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, फक्त मागचं बदललं तर. नाही, अजिबात नाही. पुढं ४.१० आणि मागं ४.५६ ठेवून फोर बाय फोर लावला की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरायला बघणार, फरक ११ टक्क्यांचा. चिखलात टायर घसरून तो फरक थोडा खपवून घेतील, पण कातळावर किंवा ओल्या डांबरावर काहीतरी तुटू शकतं, बहुतेक ट्रान्सफर केसची चेन किंवा पुढचा डिफ. आणि पावसाळ्यातच लावतो म्हणता, पण तोच तर तो वेळ आहे जेव्हा वर सड्यावर तुमच्या मदतीला कुणी येणार नाही. दोन्ही एक्सल एकाच वेळी, एकाच रेशोचे. दातांच्या हिशोबात एक टक्क्याच्या आतला फरक चालतो, समजा पुढं ३७ आणि ९ म्हणजे ४.११ मिळाला आणि मागं ४.१० आहे तर गाडीला काही होत नाही. पुढचा डिफ मिस्त्रीनं खोललेला नाही, तो पण ४.१० च आहे ना हे आधी तपासा, खोलायची गरज नाही. गाडी न्यूट्रलला, पुढची दोन्ही चाकं जॅकवर, हब किंवा एक्सल जोडलेला असला पाहिजे, दोन्ही चाकं बरोबरच एक पूर्ण फेरा फिरवायची आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट किती फिरतो ते मोजायचं. एकच चाक उचललं असेल तर ते दोन फेरे फिरवायचं. शाफ्टला खडूनं रेघ मारून ठेवा म्हणजे चुकायचं नाही, चार फेरे आणि वर थोडंसं आलं पाहिजे.

माल कुठला घ्यायचा ह्यावर. त्याच एक्सलवर कंपन्या वेगवेगळ्या मॉडेलला वेगळा रेशो देतात, लोडिंगच्या गाडीला मोठा आकडा, प्रवासी गाडीला लहान, त्यामुळं आधी तुमच्या एक्सलच्या पार्ट नंबरवरून त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा काही बसतो का ते शोधा. कंपनीचा माल मिळाला तर ४.५६ ऐवजी थोडा पुढं मागं आकडा असला तरी तोच घ्यावा असं माझं मत. कॅरिअर, म्हणजे क्राऊन ज्याच्यावर बसतो तो भाग, बदलावा लागतो का हे विचारा, काही एक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या पुढं गेलं की क्राऊन बसायची जागा जुळत नाही. भंगारातला क्राऊन एका गाडीचा आणि पिनियन दुसऱ्या गाडीचा अशी जोडी कुणी स्वस्तात दिली तर हात लावू नका. हे दोन गियर फॅक्टरीत एकमेकांवर घासून जोडी म्हणून तयार केलेले असतात, दोन्हींवर बहुतेक एकच नंबर कोरलेला असतो, तो बघून घ्या.

आणि फिटिंग. ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण ह्या कामातले निम्मे पैसे वाया जातात ते इथं. गियरच्या किमतीपेक्षा बसवणाऱ्या हाताची किंमत जास्त असते. मिस्त्रीला काम द्यायच्या आधी त्याच्याकडं डायल गेज, म्हणजे बारीक फरक मोजायचं घड्याळासारखं हत्यार, आहे का विचारा. "अंदाजानं बसवतो, हाताला कळतं" म्हणाला तर चहा पिऊन परत या. पिनियन किती आत बसला पाहिजे ते शिमनं, म्हणजे पातळ चकत्यांनी ठरतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या हिशोबात. पिनियनच्या बेअरिंगला किती घट्टपणा द्यायचा ते नट आवळताना शाफ्ट फिरवून फिरवून टॉर्क रेंचनं मोजायचं, त्यात तो चेपायचा स्पेसर असतो तो एकदा जास्त चेपला की नट सैल करून चालत नाही, नवीन स्पेसर टाकून परत सुरुवात. मग क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधला ढिलेपणा, बॅकलॅश, बऱ्याच गाड्यांना ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून गेज लावायचा, क्राऊनच्या चार ठिकाणी मोजायचा.

हे सगळं झाल्यावर खरी परीक्षा. क्राऊनच्या तीन चार दातांना मार्किंग पेस्ट लावायची, निळी किंवा पिवळी, पातळ थर, क्राऊनला फडक्यानं थोडं अडवत पिनियन हातानं फिरवायचा, दोन्ही दिशांना. आता दातावर ठसा बघा. ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध पाहिजे, वरच्या कडेलाही नको आणि मुळातही नको. मुळाशी गेला असेल तर पिनियन फार आत बसलाय, वरच्या कडेला आला असेल तर बाहेर राहिलाय, खोला आणि शिम बदला. ठसा दाताच्या एका टोकाला सरकलेला असेल तर बॅकलॅशकडं बघा. मिस्त्री पहिल्याच वेळी "झालं" म्हणाला तर खुश होऊ नका, दोन तीन वेळा खोलून बसवल्याशिवाय सहसा येत नाही, आणि जो माणूस न चिडता तिसऱ्यांदा खोलतो त्याला सांगितले तेवढे पैसे द्या. बेअरिंग, सील, नट, स्पेसर सगळं नवीन, जुनी बेअरिंग ठोकून बसवलेली चालणार नाहीत. असा माणूस कराडमध्ये मिळाला तर उत्तम, नाहीतर कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात शोधा, तिथं मशीनिंगवाले शेजारी शेजारी आहेत, पुलर प्रेस सगळं हाताशी असतं.

ब्रेकचं मुद्दाम वेगळं लिहितो. गियर बदलून इंजिनचा ब्रेक परत येतो, म्हणजे कुंभार्ली उतरताना तिसऱ्यात दुसऱ्यात गाडी जशी पूर्वी धरून राहायची तशी राहील. पण पायाचा ब्रेक परत येत नाही, डिस्क आणि ड्रम तेवढेच, चाक ११ टक्के मोठं, म्हणजे तेवढं थांबायला पेडल जास्त दाबावं लागणार आणि ब्रेक जास्त तापणार. २८५ ठेवणार असाल तर पॅड लायनर चांगले, ब्रेक ऑइल नवीन, आणि लोड घेऊन उतरताना जुन्या सवयीपेक्षा एक गियर खाली.

कायद्याचं पण बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टायरचे कुठले साईज तुमच्या मॉडेलला मंजूर आहेत ते दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आणि गाडीच्या पुस्तकात असतं, ते बघा, कराडच्या आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा. तुम्ही माणसं नेता गाडीतनं, पगारावरची, दुसऱ्याची. काही झालं आणि क्लेम अडला तर ते फार महागात पडेल. २६५ कडं या म्हणण्यामागं माझं हेही एक कारण आहे.

अॅव्हरेजबद्दल मात्र जीवाला लावून घेऊ नका. मोठ्या टायरवर तुमचं मीटर कमी मोजतंय, मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी खरी ८९ ला असते आणि १०० किलोमीटर दाखवतं तेव्हा १११ झालेले असतात. म्हणजे साडेदहाचं अॅव्हरेज खरं साडेअकराच्या वर, जवळपास पावणेबाराच निघतं. गेलंय थोडंच. पण स्पीडचा हा फरक डोक्यात ठेवून चालवा, खंबाटकीच्या पुढं मागं कॅमेऱ्याला तुमचं मीटर काय दाखवत होतं ह्याच्याशी घेणं नसतं. तुमच्या गाडीत स्पीडचा सेन्सर गियरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसच्या आउटपुटला असेल तर ४.५६ टाकल्यावर मीटर आपोआप बरोबर येईल, चाकावरच्या एबीएस सेन्सरवरून घेत असेल तर नाही येणार, ते वेगळं सेट करावं लागेल.

स्टेपनी पण त्याच साईजची पाहिजे. जुना २४५ स्टेपनीला ठेवला असेल आणि तो मागं एका बाजूला लावून तुम्ही पाटणपर्यंत आलात तर डिफचे आतले गियर सरळ रस्त्यालाही सतत फिरत राहतात, तापतात, आणि तसाच फोर बाय फोर लावला तर वर सांगितलेलं सगळं होणार.

काम झाल्यावर डिफमध्ये जीएल ५ चं ऑइल (जीएल म्हणजे गियर ऑइलचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो), ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. हेच ऑइल गियरबॉक्समध्ये ओतू देऊ नका, बऱ्याच मॅन्युअल गियरबॉक्सना जीएल ४ लागतं, पितळी सिंक्रो रिंगांना जीएल ५ मानवत नाही. पहिल्या दिवशी लोड नको, वीस पंचवीस किलोमीटर साध्या स्पीडनं जायचं, गाडी उभी करून डिफ पूर्ण गार होऊ द्यायचा, असं तीन चार वेळा. पहिले ८०० किलोमीटर सड्यावर लोड घेऊन जायचं नाही, कामाला दुसरी गाडी लावा तेवढे दिवस, आणि ८०० झाले की दोन्ही डिफचं ऑइल बदला, लोखंडाचा बारीक चुरा निघेल चमकणारा, तो साहजिक आहे, खडा किंवा चकती निघाली तर खोला. गॅस दिल्यावर घूं आवाज, किंवा गॅस सोडल्यावर उतारावर आवाज, नक्की कुठल्या स्पीडला येतो ते लिहून ठेवा, त्यावरनं मिस्त्रीला ठसा कुठं चुकलाय ते कळतं. आणि हाऊसिंग बंद करायच्या आधी दातांवरच्या पेस्टच्या ठशाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून मला पाठवा, पुढच्या एक्सलचे पण, बघून सांगतो.